न पाहिलेलं श्रीरंगपट्टण

एनसीसीच्या पोस्टिंगवर म्हैसूरला आल्यापासून रविवार मोकळा मिळाला की मी श्रीरंगपट्टण गाठतो. पंधरा किलोमीटरच तर आहे. मागच्या खेपेला दर्या दौलत बागेतल्या संग्रहालयात रॉबर्ट केर पोर्टरच्या नावाच्या चित्रासमोर बराच वेळ थांबलो. विषय 4 मे 1799 चा, टिपूच्या किल्ल्यावरचा शेवटचा हल्ला.

मंडळी, हा पोर्टर श्रीरंगपट्टणला कधी आलाच नव्हता. 1800 साली, जेमतेम तेविशीत, त्याने लंडनमध्ये बसून या लढाईचं सुमारे 120 फूट लांबीचं चित्र रंगवलं. सहा आठवड्यांत, म्हणतात. लोकांनी पैसे मोजून ते पाहिलं. मूळ चित्र पुढे आगीत गेलं, पण त्यावरून जिओव्हानी वेंद्रामिनी या इटालियन कारागिराने तांब्याच्या पत्र्यांवर तीन छापचित्रं कोरली. ती उरली, आणि साहेबाच्या देशात श्रीरंगपट्टण म्हणजे हेच, असं ठरून गेलं.

न पाहिलेलं छापायची इटलीत जुनी परंपरा. पिरानेसीने 1743 मध्ये रोमचे काल्पनिक भग्नावशेष छापले. पत्र्यावर मेणाचा लेप, त्यात सुईने रेघा, मग आम्लात बुडवायचं, की रेघा तांब्यात उतरतात. पण पिरानेसी निदान रोममध्ये राहून, खरे दगड बघून कल्पना लढवत होता. शिवाय पडक्या कमानी कल्पनेतल्या असल्या तर कुणाचं काय जातं? इथे माणसं मेली होती.

फौजी माणूस चित्रात आधी जमीन बघतो. छापचित्रात उंच तट, धूर आणि मधोमध तलवार उगारलेला जनरल बेअर्ड. प्रत्यक्ष खिंडाराच्या जागी गेलात तर खाली खडकाळ पात्राची कावेरी लागते. मे महिन्यात पाणी उतरलेलं. दुपारी एकच्या सुमाराची वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती, कारण भर उन्हात तटावरचा पहारा सैल असतो. तट चढल्यावर आत आणखी एक खंदक निघाला. वेळ, पाणी आणि तो दुसरा खंदक, लढाई समजायची तर हे हवं. चित्रात दिसतात ते लंडनकरांना ओळखू येतील असे अधिकारी. तिकीट त्यांच्यावर विकलं जायचं ना!

हल्ल्यात मुंबई फौजेचे देशी शिपाईही होते. त्याआधी 6 मार्चला सिद्धेश्वरला टिपूचा हल्ला मुंबईच्या तीन पलटणींनी झेलला होता. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या आणि दुसऱ्या पलटणीचे पूर्वज या मोहिमेत होते. जुन्या बॅटल ऑनर्समध्ये 'सीदासीर' आणि 'सेरिंगपटम' आहेत. परक्यासाठी आपल्याच माणसांशी लढून मिळालेले हे सन्मान आता आपण साजरे करत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या शिपायांची नावं? बेअर्डचा चेहरा मिळतो, त्यांचा एकही नाही.

त्याच दर्या दौलतच्या भिंतीवर टिपूने 1780 ची पोल्लिलूरची आपली फत्ते रंगवून घेतली आहे. बेअर्ड त्याच लढाईत कैद होऊन इथे साखळीत पडला होता. दोन्ही बाजूंच्या बढाया एकाच इमारतीत. मला टिपूचीच जास्त आवडते, त्यात निदान शिपायांची रांगच्या रांग आहे.

पुढच्या रविवारी पेरियापट्टणकडे, सिद्धेश्वरची जमीन बघायला जाणार आहे.