कारण सांगण्याचं कर्तव्य

आज आपण नेदरलँड्सकडे पाहू. सरकारने नागरिकांची माहिती कशी वापरावी, हा प्रश्न तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कितीतरी आधीचा आहे. २७ मार्च १९४३ रोजी ॲमस्टरडॅममधल्या प्रतिकारगटाने शहराचं नागरिक-नोंदणी कार्यालय पेटवून दिलं. त्या नोंदींच्या आधारे नाझी ज्यूंना हुडकत होते. पुढे १९७१ च्या जनगणनेला इतका विरोध झाला, की घरोघरी जाऊन केलेली ती शेवटचीच जनगणना ठरली.

त्याच देशात २०१४ मध्ये 'सिरी' नावाच्या प्रणालीला कायद्याचा आधार मिळाला. (आपल्या फोनमधली नव्हे!) निरनिराळ्या खात्यांकडची माहिती जोडायची आणि सरकारी मदतीत लबाडी कोण करत असेल याचा अंदाज बांधायचा, हे तिचं काम. हा अंदाज कसा बांधला जातो, हे सरकारने न्यायालयापुढेही उघड केलं नाही. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने हा कायदा मानवी हक्कांच्या युरोपीय कराराशी विसंगत ठरवला.

याहून मोठा घाव पाळणाघराच्या अनुदानात बसला. २०१३ पासून करखातं पालकांच्या अर्जांना यंत्राकडून जोखमीचे गुण देत होतं. अर्जदार डच नागरिक आहे का, हाही त्यातला एक निकष. गुण जास्त आले की अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर. म्हणजे मध्ये माणूस होता बरं का! पण यंत्राने हाच अर्ज का निवडला, हे त्यालाही कळत नव्हतं. हाती उरायचा तो फक्त संशय. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. नियमही असे, की किरकोळ चुकीसाठी सगळं अनुदान परत मागितलं जाई. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. १५ जानेवारी २०२१ रोजी रुटे मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आपल्या अल्गोरिदमांची नोंदवही लोकांसाठी खुली केली. पूर्वी सरकार नागरिकांची नोंद ठेवायचं, आता नागरिक सरकारच्या यंत्रांची नोंद पाहू शकतात. हे पाऊल मोलाचंच. पण प्रणाली कोणती, एवढं नोंदवहीतून कळतं. माझा अर्ज का अडला, हे कळत नाही.

आपल्या न्यायदर्शनात नुसती प्रतिज्ञा चालत नाही, हेतू द्यावा लागतो. डोंगरावर अग्नी आहे म्हणालात, तर धूर दाखवा. 'यंत्र म्हणतं' हा हेतू नव्हे. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हेच सांगतं: प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्या. निर्णय कारकुनाने घेतला की संगणकाने, असा भेद त्यात नाही. तेव्हा उद्या आपलं रेशन किंवा पेन्शन 'सिस्टीमने' थांबवलं, तर आपण लेखी कारण मागायचं. देणाऱ्याला ते सांगता येत नसेल, तर निर्णयच कच्चा आहे.