धोकटीतील वारसा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने कर्नाळ्याकडे जाताना लागणारे शिरढोण हे गाव आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांची जन्मभूमी म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे जन्मलेल्या या वीराने १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात देह ठेविला. थोर पुरुषांच्या चरित्रांत मुंज आणि विवाह यांचे वर्णन येते. परंतु जावळ काढणारा व मुंजीत क्षौर करणारा हात कोणाचा, हे चरित्रकार सहसा लिहीत नाहीत. बलुतेदाराचा इतिहास कागदावर क्वचितच उतरतो. तो त्याच्या हत्यारांत शिल्लक राहतो. म्हणूनच जुन्या वस्तऱ्यांचा संग्रह करणे हा केवळ हौसेचा विषय नसून तो आपल्या इतिहासलेखनाचा पाया होय, असे आम्हांस वाटते.

वस्तऱ्याची परंपरा फार जुनी आहे. ऋग्वेदातही ‘क्षुर’ हा शब्द आढळतो. आपल्या आजे-पणज्यांच्या धोकटीत वस्तरा, नराणी, चिमटा, पथरी, चामोटे, वाटी आणि आरसा एवढा संसार असे, आणि त्याच्या बळावर सुगीचे बलुते घरी येई. गावच्या लोहाराने घडविलेला, जाड पाठीचा देशी वस्तरा हा या संग्रहातील पहिला मानकरी. त्यावर कोणाचाही छाप नसतो, म्हणूनच तो भंगारात लवकर जातो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन येथील माल सर्वदूर पसरला. त्यांची पारख छापावरून करावी. जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीची तारा व क्रूस ही खूण १७६४ सालची, तर हेंकेल्स यांची जुळ्या भावंडांची खूण १७३१ सालची आहे. मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असल्यास तो छाप १८३७ ते १९०१ या काळातील समजावा. १८८७ साली ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती आणली. त्यामुळे जर्मनीचे नाव कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. श्रीमंतांसाठी सात वस्तऱ्यांची पेटीही निघे. प्रत्येक पात्यावर एकेका वाराचे नाव असे. अशी पेटी हाती लागली तर ती फोडून वाटून घेऊ नये.

तथापि आमच्या मते संग्रहातील सर्वांत मोलाचा वस्तरा हस्तिदंती मुठीचा नव्हे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. या कामाचे पैसे मिळत होते, रूढीचा पाठिंबा होता. तरीही हातावर पोट असलेल्या माणसांनी वस्तरा खाली ठेविला. प्रतापगडचा जिवा महाला आणि पन्हाळ्याचा शिवा काशीद यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्याच अभिमानाने या निनावी बांधवांचे स्मरण व्हावयास हवे. त्यांनी शस्त्र उगारून नव्हे, तर हत्यार खाली ठेवून इतिहास घडविला. त्या पिढीतील साधा, झिजलेला वस्तराही या कारणाने वंद्य होय.

१९०३ साली जिलेट यांचे सुरक्षित पाते बाजारात आले आणि लोक घरीच दाढी करू लागले. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांची जाणीव झाल्यावर दुकानांतून प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते लावण्याची पद्धत रूढ झाली. ती योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे जुना वस्तरा निरुपयोगी ठरून अडगळीत पडला.

तो बाहेर काढल्यावर रेती वा विटकरीने घासू नये, सहाणेवर धरू नये. छाप एकदा गेला की पुरावा गेला. शिवणयंत्राचे पातळ तेल लावून कोरड्या सुती कापडात ठेवावा. कोकणच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ओल धरते व पाते गंजते. सेल्युलॉइडची मूठ कुजू लागल्यास तिच्या वाफेने शेजारची पातीही खराब होतात, म्हणून असा वस्तरा निराळा ठेवावा. हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने निषिद्ध आहे, हेही ध्यानी असावे.

डॉ. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि १९७५ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. एका गृहस्थाने जे केले ते अवघ्या समाजास अवघड का वाटावे? शिरढोण व पनवेल परिसरातील ज्ञातिबांधवांना आमची विनंती आहे की, घरातील धोकटी उघडावी, आणि वस्तरा कोणी, कोणत्या गावी, किती वर्षे वापरला हे वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून सोबत बांधावे. वस्तरा आणखी शंभर वर्षे टिकेल. सांगणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत.