सुरतेच्या मीटरात न मावलेला खर्च

१७१७ साली फर्रुखसियर बादशहाने इंग्रज कंपनीला फर्मान दिले. सुरत बंदरात मालावर टक्केवारीने जकात भरण्याऐवजी कंपनीने वर्षाला एकरकमी १०,००० रुपये भरावेत, असे त्यात ठरले. इतिहासाच्या पुस्तकांत हे फर्मान राजकारणात जमा होते, पण वखारीतल्या कारकुनासाठी तो हिशेबातला मोठा बदल होता. टक्केवारीची जकात मालाबरोबर वाढते. एकरकमी रकमेचे तसे नाही. वर्षाला १,००० गाठी गेल्या तर गाठीमागे १० रुपये, ५,००० गेल्या तर दोनच. एका गाठीवर जकात किती पडली, हे गाठ उलगडून पाहिले तरी सापडायचे नाही. त्यासाठी वर्षभराची खतावणी लागते.

कंपनीची वखार सुरतेत आली ती १६१३ च्या सुमारास. दलालामार्फत आगाऊ रक्कम देऊन कोरे कापड विणून घ्यायचे आणि भडोच-नवसारीकडे धुलाईला धाडायचे, अशी तिची रीत होती. पुढे कुंदी, रंगाई, गाठी बांधणे आणि जहाजापर्यंतची वाहतूक, अशा प्रत्येक कामाचा माणूस वेगळा आणि पैसाही वेगळा. एका कापडाने वाटेत कोणकोणती कामे खाल्ली, ते त्यामुळे आपोआप कागदावर येई.

मराठी माणसाला सुरत म्हटली की आधी शिवाजी महाराजांच्या जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० च्या लुटी आठवतात, ते साहजिकच आहे. व्यापाऱ्यांना मात्र या लुटी म्हणजे कुठल्याच मालावर टाकता न येणारा खर्च होता. पहिल्या लुटीनंतर औरंगजेबाला एक वर्षाची जकात माफ करावी लागली आणि शहराभोवती पक्का कोट उभा राहिला. अठराव्या शतकात मराठ्यांची चौथाई सुरतेच्या उत्पन्नातून नेमाने निघू लागली. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने सुरतेवरचे आपले हक्क इंग्रजांना देऊन टाकले, तेव्हा कुठे ते कलम पेशव्यांच्या वहीतून गेले.

कामागणिक वेगळा माणूस ही सुरतेची खोड पुढेही सुटली नाही. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर चमकणारी जर बहुतेक सुरतेचीच. चांदीची तार एकाने ओढायची, दुसऱ्याने ती चपटी करायची, तिसऱ्याने रेशमावर गुंडाळायची आणि चौथ्याने मुलामा द्यायचा. विसाव्या शतकात कृत्रिम रेशमाचे यंत्रमाग आले, मग नायलॉन, मग पॉलिएस्टर. धागा एकाचा, पीळ देणारा दुसरा, ताण्याची बीम भरणारा तिसरा, विणणारा चौथा. ग्रे कापडाचे तागे पांडेसरा किंवा सचिनच्या प्रोसेस मिलमध्ये जातात, तिथून भरतकामाला, मग खडे चिकटवायला घरोघरी आणि शेवटी रिंग रोडच्या बाजारात घडीला. प्रत्येक टप्प्यावर जॉबवर्कचा दर ठरलेला. ‘पडतर किती?’, म्हणजे एकूण खर्च किती पडला, असे विचारले की साडीचा व्यापारी ही साखळी बोटांवर मोजून दाखवतो.

घोळ होतो तो कारखान्याच्या दाराआत.

तिथे सगळे मीटरवर येते. महिन्याची वीज, भाडे, मुकादमाचा पगार, दुरुस्ती यांची बेरीज करायची आणि निघालेल्या मीटरांनी भागायचे. एकाच जातीचे कापड महिनोन्महिने काढणाऱ्या २४ मागांच्या शेडला ही रीत पुरते, आणि तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. इचलकरंजीत मजुरी पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती यावर, ठरवण्याची पद्धत आहे. ती मीटरपेक्षा एक पायरी बारीक, कारण दाट कापड माग जास्त वेळ अडवते.

मीटरच्या हिशेबात आणखी एक खर्च दिसत नाही, तो थांबलेल्या मागाचा. तापी खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली खानदेशी माणसे उधना-लिंबायतच्या वस्त्यांत राहिली आणि त्यांतली कितीतरी मागावर उभी राहिली. मजुरी मीटरवर. वीज गेली, बीम संपली, नवी बीम जोडेपर्यंत माग थांबला, की मीटर निघत नाहीत आणि मजुरीही नाही. थांबलेल्या मागाचा खर्च मालकाच्या पडतरीत कमी दिसे, कारण त्याचा मोठा वाटा कारागिराच्या घरात जाई.

एकूण खर्चाची अशी सरासरी वाटणी जगभर चालत होती. १९०१ च्या सुमारास अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज अभियंत्याने यंत्र किती तास चालले त्यावर वरखर्च वाटावा, असा आग्रह धरला. तरी मजुरीच्या किंवा नगांच्या प्रमाणात वाटप करण्याची सवय कारखान्यांत टिकलीच. १९८० च्या दशकात हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी तिच्यावर बोट ठेवले. जॉन डीअर कंपनीच्या सुट्या भागांच्या कारखान्याचे उदाहरण त्यांनी गाजवले. (पुण्याजवळ सणसवाडीत ट्रॅक्टर बनवणारी कंपनी हीच.) मोठ्या संख्येच्या भागांची कामे या कारखान्याच्या हातून निसटत आणि किरकोळ संख्येची पटापट मिळत. कारण सरासरीने मोठी कामे महाग दिसत होती आणि छोटी खोटी स्वस्त. उपाय असा, की आधी खर्च कामांवर टाकायचा: यंत्राची जुळणी, माल हलवणे, तपासणी, ऑर्डर नोंदवणे. मग ज्या मालाने ते काम जितक्या वेळा करायला लावले, तितके त्याच्या नावे लिहायचे. ‘अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग’ ते हेच.

सुरतेच्या छपाई मिलमध्ये हे लख्ख दिसते. रोटरी छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो. डिझाइन बदलले की स्क्रीन उतरवा, धुवा, नवे चढवा, रंग कालवा आणि नमुना मंजूर होईपर्यंत थांबा. समजा, एका बदलाला ४,००० रुपये पडतात. एका व्यापाऱ्याने एकाच डिझाइनचे १०,००० मीटर दिले. दुसऱ्याने तेवढेच मीटर १० डिझाइनमध्ये दिले. मीटरच्या हिशेबात ११ बदलांचे ४४,००० रुपये २०,००० मीटरवर पसरतात आणि दोघांना मीटरमागे २.२० रुपये लागतात. कामाप्रमाणे पाहिले तर पहिल्याला ४० पैसे पडले आणि दुसऱ्याला ४ रुपये. म्हणजे पहिला दुसऱ्याची छपाई फुकट सोसतो. त्याला शेजारच्या मिलने कमी दर सांगितला की तो निघून जातो, आणि मालक बाजाराला दोष देत बसतो. अलीकडे डिजिटल छपाईची यंत्रे आली, स्क्रीनच राहिला नाही. मग महाग पडते ती शाई आणि यंत्राचा वेळ, आणि जुना दरपत्रकाचा कागद निरुपयोगी होतो.

हिऱ्याच्या कारखान्यात हीच गंमत कॅरेटवर चालते. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू, मग तो एक कॅरेटचा असो की एका सेंटचा. एक कॅरेट वजनाच्या शंभर बारीक हिऱ्यांना ५,७०० पैलू पाडावे लागतात. कॅरेटमागे मजुरी मोजणाऱ्याचे यात दिवाळे निघेल, म्हणून सुरतेने मजुरी नगावर आणि टप्प्यावर बांधली. बारीक हिऱ्यांचा धंदा या शहराकडे आला, त्यात या मजुरीच्या गणिताचा वाटा मोठा.

कापडात ते शहाणपण तितके पोचले नाही. वटाव, उधारीचे महिने आणि परत आलेला माल ही तिथली जुनी दुखणी. परत आलेल्या साडीचे भाडे, पुन्हा घडी, पुन्हा पिशवी, हे सारे ‘किरकोळ खर्च’ या एका ओळीत जाते; कोणत्या गावच्या कोणत्या आडत्यामुळे तो झाला, ते वहीत दिसत नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सुरतेच्या कापड बाजाराने संप केला, आणि ५ ऑगस्टला परिषदेने कापड क्षेत्रातल्या जॉबवर्कवरचा दर सरसकट ५ टक्क्यांवर आणला. राग कराचा होता, पण टप्प्याटप्प्याला बिल फाडावे लागल्याने कामागणिक खर्चाच्या नोंदी आयत्याच तयार झाल्या. त्या वापरून हिशेब मांडायला संगणकावरचा साधा तक्ता पुरतो. ज्या मिलमध्ये महिन्याला शेकडो डिझाइन फिरतात, तिने हे न करणे म्हणजे निव्वळ आळस.

सक्ती मात्र थोड्यांनाच आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणे परिव्ययाच्या नोंदी ठेवणे यादीतल्या उद्योगांमधल्या आणि ३५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना बंधनकारक आहे. मालकीच्या आणि भागीदारीतल्या पेढ्या त्यात येत नाहीत, आणि सुरतेचे बहुतेक माग अशाच पेढ्यांच्या छपराखाली चालतात.