क्रॉफर्ड प्रकरण आणि मामलेदारांस दिलेलें वचन

मुंबईची महात्मा जोतिबा फुले मंडई अजूनहि पुष्कळांच्या तोंडीं क्रॉफर्ड मार्केटच आहे. हे आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्डसाहेब १८६५ सालीं मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. कर्तबगार खरे, पण हात सैल आणि कर्ज फार.

पुढें ते मध्यभागाचे कमिशनर होऊन पुण्यास आले. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या आतां त्यांच्या मर्जीवर होत्या. एखाद्या मामलेदाराची घरापासून दूरच्या, रोगट हवेच्या तालुक्यांत बदली व्हावी आणि ती फिरविण्यासाठीं त्यानें हणमंतराव नांवाच्या मध्यस्थाचें घर गांठावें, असा परिपाठ पडल्याचें लोक उघड बोलत. पावती अर्थातच मिळत नसे!

१८८८ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे यांनीं चौकशी आरंभिली. पण लांच देणाराहि कायद्यानें गुन्हेगारच. मग साक्ष देणार कोण? म्हणून पोलीसचे इन्स्पेक्टर जनरल ओमानी यांच्यामार्फत मामलेदारांस अभय देण्यांत आलें: खरें सांगाल तर खटला नाहीं, नोकरीसहि धक्का नाहीं. या शब्दावर विसंबून अनेकांनीं स्वतःची बेअब्रू स्वतःच्या तोंडानें सांगितली.

हणमंतरावास शिक्षा झाली. क्रॉफर्डसाहेबांसाठीं तीन सभासदांचें कमिशन बसलें. त्यानें लांचाचा आरोप शाबीत धरला नाहीं. हाताखालच्या लोकांकडून कर्जें काढलीं, एवढेंच धरलें. साहेबांची नोकरी गेली, पण लांचाबद्दल शिक्षा झाली नाहीं.

मग गहजब उठला तो साक्षीदारांवर. लांच दिल्याचें कबूल करणारे मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कसे बसतात, असा प्रश्न विलायतेंत निघाला. प्रश्न वावगा नव्हता. पण तो वचन देण्यापूर्वीं सुचावयास हवा होता. भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांच्या आग्रहानें, जुलमापोटीं पैसे देणारे एका बाजूस आणि लोभानें देणारे दुसऱ्या बाजूस, अशी निवड झाली. दुसऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. १८८९ च्या कायद्यानें खटल्यांपासून संरक्षण दिलें, तरी वचन अर्धेंच पाळलें गेलें. त्याच वर्षीं पुण्याच्या जाहीर सभेंत टिळकांनीं मामलेदारांची बाजू मांडली. वाद लांचाच्या समर्थनाचा नव्हता, सरकारच्या शब्दाचा होता.

क्रॉफर्डसाहेब पुढें ग्रंथकार झाले. पुण्याच्या व दख्खनच्या कटकटींवर त्यांचें इंग्रजी पुस्तक १८९७ सालीं निघालें.