१. नागपाड्याचे नेबरहुड हाऊस

अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२०च्या दशकात भायखळ्यालगतच्या या दाट वस्तीत उभारलेले समाजकेंद्र. लेखक याला ओघात ‘चर्च’ म्हणून गेले आहेत. ते खरे नव्हे. शेजारी मुसलमान, ज्यू, हिंदू, सगळेच. म्हणून भर धर्मांतरावर नव्हता, आरोग्य, शिक्षण आणि खेळांवर होता. (हे सगळ्याच मिशनऱ्यांना रुचले असेल असे मानायचे कारण नाही.) सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क १९३६ साली येथेच सुरू झाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. — संपा.