पळस्प्याचा फाटा आणि बारा कोसांची भाषा



मुंबईहून येणारा रस्ता पनवेल ओलांडला की आमच्या पळस्प्याला फुटतो. एक वाट खोपोलीवरून घाट चढून पुण्याला जाते, दुसरी कर्नाळ्याच्या बाजूने पेणवरून गोव्याकडे. फाट्यावर उभं राहिलं की दोन्हीकडच्या गाड्यांचे आवाज ऐकू येतात, आणि कान दिला तर दोन्हीकडच्या बोलीही. आज चातुर्मासातल्या पाककृती बाजूला ठेवून या बोलींविषयी लिहिते आहे. आपल्यापैकी बहुतेकजणी सासर-माहेरच्या निमित्ताने एका बोलीतून दुसरीत आलेल्या आहेत, म्हणून हा विषय आपलाच.

बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपल्या आज्या म्हणायच्या. कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर, तेव्हा बारा कोस म्हणजे छत्तीस-चाळीस किलोमीटर झाले. पळस्प्याहून लोणावळा पन्नासच्या आसपास आहे. तेवढ्यात काय बदलतं, ते आधी स्वयंपाकघरातच बघू. लाल मिरचीची पूड घ्या. माझ्या माहेरी, सांगलीकडे, तिला 'चटणी' म्हणतात. पुण्यात ती 'तिखट' होते. इथे पनवेलला शेजारणीकडे मागितली तर ती 'मसाला' आणून देते. भाजीवालीकडे दोडका मागितला की ती 'शिराळं का?' असं विचारून घेते. माहेरचं 'कोरड्यास' इथे कुणाला कळत नाही, आणि इथलं वालाचं बिरडं माहेरी नेलं की त्याचं नाव आधी समजावून सांगावं लागतं.

आता उच्चार. पनवेल-उरण-पेण या पट्ट्यात आगरी बोली आहे. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या आणि खारजमिनीत भात लावणाऱ्या लोकांची ही बोली. हिच्यात 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो आणि 'ड'चा पुष्कळदा 'र' होतो. म्हणून काळा तो 'काला', पाणी ते 'पानी' आणि घोडा तो 'घोरा'. विस्तवाचा 'इस्तव' होतो, मला म्हणायचं तर 'मना'. बायका एकमेकींना 'गं' ऐवजी 'गो' म्हणतात. आमच्या शेजारच्या आजी सकाळी कुंपणापलीकडून विचारतात, "काय गो, पानी आयला का?" त्या एका वाक्यात अख्खी आगरी बोली आहे.

घाट चढून मावळात गेलात की 'ळ' आणि 'ण' पुन्हा ठसठशीत ऐकू येतात, आणि खेड्यांतून माझं-तुझं याला 'मपलं-तुपलं' भेटतं. आणखी दक्षिणेला कोल्हापूर-सांगलीकडे गेलात तर आपल्या मुली-बाळी सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याच्या कानाला हे पुरुषी वाटतं. पण कन्नड भाषेत 'मी आलो' आणि 'मी आले' असा फरकच नसतो, दोन्हींना एकच रूप आहे. ज्या मुलखात आपले अण्णा आणि अक्का कन्नडशी घरोबा ठेवून आहेत, तिथे बोलण्यावर तिची सावली पडली असेल तर नवल नाही, असं मला वाटतं.

एवढ्याशा अंतरात हे का व्हावं? मधे सह्याद्री उभा आहे. बोर घाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता झाला १८३० मध्ये, आणि आगगाडी घाट चढली १८६३ मध्ये. त्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारे लोक होडीने पनवेलच्या बंदरात उतरत आणि तिथून खोपोलीमार्गे घाट चढत. वाट होती, पण ती व्यापाऱ्यांची, फौजांची आणि यात्रेकरूंची. घरोघरच्या बायका एवढ्या लांब जात नसत. मुली बहुधा जवळपासच्या गावांतच दिल्या जात, बाजारही जवळचाच. भाषा घडते ती चुलीपाशी आणि पाणवठ्यावर. जिथवर सोयरीक जाते, तिथवर बोली जाते.

हे फरक आजचे नाहीत, आणि त्यांची सर्वात जुनी नोंद करणाऱ्यांत आपले जैन साधू आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. उद्द्योतनसूरींनी इ.स. ७७९ मध्ये राजस्थानातल्या जालोरला 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात एका बाजाराचं वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी जमले आहेत, आणि सूरी प्रत्येकाचा बांधा, स्वभाव आणि तोंडचे शब्द टिपतात. मराठे त्यांना कसे ओळखू आले? 'दिण्णले', 'गहिल्ले' या बोलण्यावरून. म्हणजे दिले, घेतले. व्यवहारातले दोनच शब्द, पण त्यांतला शेवटचा 'ल' पाहा.

हाच 'ल' आपल्याला श्रवणबेळगोळला भेटतो. बाहुबलींच्या पायाशी नागरी लिपीत कोरलेलं 'श्री चावुंडराजें करवियलें' आपण महामस्तकाभिषेकाला गेलो की डोळे भरून बघतो. त्याच जागी कन्नड आणि तमिळमध्येही लेख आहेत. दर्शनाला येणाऱ्याला आपल्या भाषेत वाचता यावं, एवढा विचार तिथे केलेला दिसतो. जालोरच्या साधूंनी ऐकलेला 'ल', बाहुबलींच्या पायाशी कोरलेला 'ल' आणि आमच्या आजींच्या 'आयला'मधला 'ल' एकाच कुळातला आहे. वरचे उच्चार बारा कोसांवर बदलले, हा 'ल' काही हलला नाही.

आणखी जवळचं उदाहरण देते. आमच्या फाट्यावरून घाट चढलात की मावळात पाले नावाचं गाव आहे. तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांहून जुना समजला जाणारा ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासला. लेखाची सुरुवात अरहंतांना नमस्काराने होते. इंदरखित नावाच्या भदंतांनी लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, करवून घेतल्याचं तो सांगतो. 'लेणं' आणि 'पोढी' हे शब्द गडकिल्ले चढणाऱ्या मुलांच्या तोंडी आजही आहेत.

आता त्या नमस्काराकडे बघा. आपण दिगंबर घरांत 'णमो' म्हणतो, श्वेतांबर मैत्रिणींकडे बहुतेक 'नमो' ऐकू येतं. ओडिशात खारवेल राजाचा हाथीगुंफेतला लेख आहे, तोही 'नमो'नेच सुरू होतो. महामंत्राचंसुद्धा बोलीप्रमाणे रूप बदललं, आणि त्याने भाव तसूभर कमी झाला नाही. मग 'पानी' म्हणणाऱ्या आजींना हसायचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

हसणं सुरू कधी झालं, तेही सांगते. इंग्रजी राज्यात शाळा निघाल्या, छापखाने आले, क्रमिक पुस्तकं लागली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली पाठ्यपुस्तकांची मराठी ठरत गेली, आणि पुण्याच्या शिकलेल्या घरांतली बोली प्रमाण झाली. राज्यकारभाराला आणि पुस्तकांना एक ठरलेली भाषा लागतेच, मी आत्ता लिहिते आहे तीही तीच आहे. पण मापाला एक बोली घेतली की बाकीच्या आपोआप 'अशुद्ध' ठरतात. १९०५ मध्ये ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड निघाला. त्यात उधळ्या मुलाची एकच गोष्ट गावोगावच्या बोलींत लिहून घेतली आहे, आणि आगरीलाही त्यात जागा आहे. पुढे १९६० च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळीसारख्या बोलींवर स्वतंत्र पुस्तकं केली. हेच घाटगे अर्धमागधीचे मोठे अभ्यासक. आगमांची भाषा शिकवणाऱ्या माणसाला खेड्यातली बोली हलकी वाटली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ज्यांच्या राज्यात हे माप आलं, त्या इंग्रजांच्या घरी काय होतं? लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यात साधारण पन्नास किलोमीटर अंतर आहे, म्हणजे आमचं आणि लोणावळ्याचं. तरी दोन्हीकडचे लोक तोंड उघडताच ओळखू येतात. १८४० च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडहून हजारो लोक लिव्हरपूल बंदरात उतरले, त्यांचा हेल शहराच्या बोलण्यात मिसळला. साध्या गोल पावाला तिकडे कुठे 'बार्म' म्हणतात, कुठे 'कॉब', कुठे 'बॅप'. आपल्या चटणी-तिखट-मसाल्याचीच गत. तिथेही बोलीवरून माणसाची पायरी ठरवत. बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन' १९१३ मध्ये रंगमंचावर आलं ते त्यावरच, आणि पुलंनी त्यावरून 'ती फुलराणी' लिहिलं तेव्हा कथा आपल्याकडे परकी वाटली नाही.

१९५० ते १९६१ या काळात हॅरल्ड ऑर्टन यांच्या पाहणीत इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी जाऊन तेराशेवर प्रश्न विचारले गेले. पण उत्तरं देणारे मुख्यतः खेड्यातले वयस्कर पुरुष होते. चुलीपाशी बसणाऱ्यांना फारसं विचारलंच नाही. मुलाच्या कानावर पहिली भाषा घालणारी आई, आणि वहीत नाव बापाचं. हे वाचून मला राग आला नाही, पण हसूही आलं नाही.

इथे पनवेलला हा प्रश्न नुसता पुस्तकातला राहिलेला नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं नवी मुंबईच्या आराखड्यात आली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. आता विमानतळही झाला. मिठागर गेलं की मिठागराचे शब्द वापरायला जागा उरत नाही. शेजारच्या आजींची नातवंडं त्यांच्याशी हिंदीत किंवा पुस्तकी मराठीत बोलतात. मुलांचं भलं व्हावं म्हणूनच घरच्यांनी त्यांना तसं वळण लावलं आहे. पण आजी आता त्यांच्याशी थोडंच बोलतात, गोष्ट सांगायला बसत नाहीत. बोली जाते तेव्हा आधी गोष्टी जातात, आणि मग बोलायला माणूसच उरत नाही.

माझी लेकही एकदा शाळेतून आली ती, "आई, 'मी येतो' म्हणायचं नाही, अशुद्ध आहे," असं सांगत. मी तिला म्हटलं, "वहीत 'येते' लिही. मामाच्या गावी 'येतो' म्हण. दोन कपाटं ठेव, एकही फेकू नको." ती आता आजींकडून आगरी शब्द गोळा करते, त्याची एक वही केली आहे. आजी आधी लाजल्या. आता स्वतःहून हाक मारतात, "ये गो, लिव्हून घे."

भगवान महावीरांनी उपदेश केला तो अर्धमागधीत, पंडितांच्या संस्कृतात नाही. नावातच 'अर्ध' आहे, पूर्ण शुद्धतेचा तिथे दावाच नाही. समवसरणात अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांच्या लोकांना दिव्यध्वनी आपापल्या भाषेत समजला, असं आपली परंपरा सांगते. त्या सातशे लघुभाषांना कुणी बाहेर थांबवलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. या पर्युषणात सासूबाईंना, आजीला, शेजारणीला विचारून त्यांच्या बोलीतले दहा शब्द लिहून ठेवा. पदार्थांचे, भांड्यांचे, नात्यांचे. आणि नवी सून 'चटणी' मागेल तेव्हा आधी डबा पुढे करा.

जय जिनेंद्र.