तुर्तुकचा हनीफ

दर युद्धानंतर आपल्याकडे नावं घेतली जातात. 1948 साली झांगरला पडलेले ब्रिगेडियर उस्मान, 1965 चे अब्दुल हमीद, आणि 1999 नंतर कॅप्टन हनीफउद्दीन. कुणी शंका घेतली की ही नावं साक्षीपुराव्यासारखी पुढं करायची, अशी सवयच लागून गेली आहे. मला ती फारशी आवडत नाही. पुराव्याच्या कागदात माणूस दिसत नाही.

हनीफचा जन्म दिल्लीचा, 23 ऑगस्ट 1974 चा. आठ वर्षांचा असताना वडील वारले. आई हेमा अजीज शास्त्रीय गायिका. संगीत नाटक अकादमी आणि कथक केंद्रात नोकरी करून त्यांनी तीन मुलं वाढवली. घराची वीण त्यांच्या नावातच आहे. वडील नाहीत म्हणून शाळेनं गणवेश फुकट देऊ केला, तेव्हा माझी आई कमावते, असं मास्तरांना सांग, एवढंच त्यांनी मुलाला बजावलं. हनीफ पुढं दिल्लीच्या शिवाजी कॉलेजात शिकला. गळा आईचा होता. पलटणीतही तो जवानांसाठी गायचा.

7 जून 1997 रोजी तो 11 राजपुताना रायफल्समध्ये अधिकारी झाला. 'राजा रामचंद्र की जय' ही या रेजिमेंटची युद्धघोषणा. आपल्याकडच्या चर्चेत यावर पानं भरली असती. सैन्यात त्यावर कुणी थांबत नाही.

कारगिलच्या लढाईत त्याची पलटण तुर्तुक भागात होती. श्योक नदीकाठचं हे बाल्टी मुसलमानांचं गाव 1971 पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं. त्या डिसेंबरात चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली लडाखी जवानांनी ते घेतलं. इथून सियाचीन जवळ. म्हणून 1999 मध्ये शत्रूनं याही बाजूनं शिरकाव केला. सुमारे 18 हजार फुटांवर, शत्रूच्या हालचाली टिपता येतील अशी जागा हवी होती. हनीफ स्वतःहून पुढं झाला. हाताशी मोजकेच जवान. 4 आणि 5 जूनच्या रात्री त्यांनी जवळच्या जागा घेतल्या. 6 जूनला शत्रूनं त्यांना हेरलं आणि गोळीबार सुरू झाला. सोबत्यांना आडोसा मिळावा म्हणून हनीफ उघड्यावर आला आणि गोळीबार स्वतःवर ओढून घेत राहिला. दारूगोळा संपला. लक्ष्य साधारण दोनशे मीटरवर असताना तो पडला. नोकरीला दोन वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. वय पंचविशीच्या आतलं.

मय्यत तिथंच बर्फात राहिली, महिन्याहून अधिक काळ. सेनाप्रमुख जनरल मलिक हेमाबाईंना भेटायला आले. गोळीबार थांबत नाही, त्यामुळे देह आणता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. माझ्या मुलाचा देह आणण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलानं जीव धोक्यात घालू नये, असं त्या म्हणाल्या. मात्र लढाई संपल्यावर, जिथं तो पडला ती जागा बघायची होती. अंत्यसंस्कार लवकर व्हावेत, मातीला उशीर नको, हे आपल्या घरांतून किती जपलं जातं ते सांगायला नको. त्या बाईनं तो उशीर आपणहून पत्करला. पुढं सरकारनं देऊ केलेला पेट्रोल पंपही त्यांनी घेतला नाही.

हनीफला मरणोत्तर वीरचक्र मिळालं. 2010 मध्ये तुर्तुक पर्यटकांना खुलं झालं. लोक तिथं जर्दाळूच्या बागा बघायला जातात. वरच्या त्या पहाडांच्या टापूला सैन्यानं हनीफचं नाव दिलं आहे.